आकडा स्वतःच्या हातचा



रसायनशास्त्राच्या एका प्रात्यक्षिकावर तासभर बोलायचं, तेही शिर्डीत आणि ऐन उन्हाळ्याच्या सुटीत, याला व्याख्यानमालेच्या संयोजकांनी लगेच होकार दिला याचा मला मनापासून आनंद आहे. समोर नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली मुलं दिसतात, आता बारावीत जाणारी दिसतात, आणि त्यांच्या मागच्या रांगांत त्यांचे आईवडील. मुलांना टायट्रेशन, म्हणजे अनुमापन, ठाऊक आहे. पालकांना वाटत असेल, याच्याशी आपला काय संबंध? म्हणून मी पालकांपासूनच सुरुवात करतो.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या गोठ्यात गाई आहेत. तुम्ही संकलन केंद्रावर दूध घालता, ते टँकरने डेअरीत जातं. तिथल्या प्रयोगशाळेत पिपेटने दहा मिलिलिटर दूध काढतात, त्यात फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचे काही थेंब टाकतात आणि वरून ब्युरेटमधून एन बाय टेन सोडियम हायड्रॉक्साइड हळूहळू सोडतात. दुधाला फिकट गुलाबी छटा आली आणि टिकली की हात थांबतो. समजा 1.5 मिलिलिटर लागलं. या द्रावणाचा प्रत्येक मिलिलिटर 0.009 ग्रॅम लॅक्टिक आम्लाचा हिशेब चुकता करतो. म्हणजे आम्लता साधारण 0.135 टक्के, दूध ताजं आहे. तोच आकडा 2 मिलिलिटरवर गेला तर आम्लता 0.18 टक्के होते, आणि ते दूध तापवताना फाटण्याची भीती असते. ब्युरेटमधून पडणारा एक थेंब साधारण 0.05 मिलिलिटरचा. तेव्हा ताजं दूध आणि धोक्याचं दूध यांत अंतर आहे जेमतेम दहा थेंबांचं. सबंध टँकर घ्यायचा की परत पाठवायचा, हे ठरवण्यात त्या दहा थेंबांचा मोठा वाटा असतो.

यात एक बारकावा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आत्ता काढलेल्या धारोष्ण दुधात लॅक्टिक आम्ल जवळपास नसतंच. तरीही ते सोडियम हायड्रॉक्साइड खातं, कारण दुधातलं केसिन आणि फॉस्फेटं हेसुद्धा अल्काशी अभिक्रिया करतात. पुढे जीवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करू लागले की त्यात भर पडत जाते. उलट, आंबायला लागलेल्या दुधात कोणी सोडा मिसळला तर आकडा खाली येतो. दूध काही सुधारत नाही, फक्त आकडा सुधारतो. म्हणून डेअरीत सोड्याची चाचणी वेगळी घ्यावी लागते. ब्युरेट खोटं बोलत नाही, पण तिला विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर ती देते. प्रश्न काय होता हे ज्याला कळलं नाही, त्याला खरा आकडाही चकवू शकतो.

आता कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाऊ. मुलांच्या ओळखीचं सगळं साहित्य मी या टेबलावर मांडलं आहे. स्टँडला लावलेली 50 मिलिलिटरची ब्युरेट, त्यात पोटॅशियम परमँगनेट. शेजारी शंकुपात्र, पांढरी फरशी, पिपेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचं द्रावण. हे द्रावण मी सकाळी केलं. 0.63 ग्रॅम स्फटिक अचूक तोलून 100 मिलिलिटरच्या मोजपात्रात घेतले आणि पाण्याने खुणेपर्यंत भरले की 0.05 मोलर द्रावण होतं. स्फटिकरूप ऑक्झॅलिक आम्ल शुद्ध मिळतं, हवेत सहसा बदलत नाही, तेव्हा तोललं तेवढंच आत गेलं याची खात्री देता येते. परमँगनेटबद्दल ती खात्री नाही. त्यात मँगनीज डायऑक्साइडचे अंश असतात आणि उजेडात ते हळूहळू विघटित होतं. सोडियम हायड्रॉक्साइडचं तर विचारूच नका. बाटलीचं झाकण उघडलं की ते हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढू लागतं. त्याची गोळी तोलणं म्हणजे त्या ओलाव्यासकट तोलणं. म्हणून ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्या आधाराने, ज्याच्यावर नाही त्याची ताकद काढायची. बाजारातल्या तराजूसारखंच आहे हे. एका पारड्यात शिक्का मारलेलं वजन, दुसऱ्यात माल. फरक एवढाच की इथे काटा मध्यावर आला हे रंगावरून ओळखायचं असतं.

पिपेटने दहा मिलिलिटर आम्ल शंकुपात्रात घेतो, त्यात विरल सल्फ्युरिक आम्ल घालतो. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात : सल्फ्युरिकच का? हायड्रोक्लोरिक घेतलं तर परमँगनेट त्यातल्या क्लोराइडचाच क्लोरीन करू लागतं आणि रीडिंग वाढतं. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडीकारक, ते परमँगनेटच्या कामात वाटेकरी होतं आणि रीडिंग घटतं. सल्फ्युरिक मात्र बाजूला राहून अभिक्रियेला लागणारं आम्ल तेवढं पुरवतं. ते कमी पडलं तर पात्रात तपकिरी गढूळपणा येतो आणि प्रयोग वाया जातो. पात्र 60 ते 70 अंशांपर्यंत गरम करायचं. उकळायचं मात्र नाही, त्याने ऑक्झॅलिक आम्लच नासतं.

आता पुढच्या रांगेतल्या मुलांनी नीट पाहावं. मी पहिला थेंब सोडतो. जांभळा रंग जात नाही. पुष्कळ विद्यार्थी इथेच घाबरतात, त्यांना वाटतं झालं, एंड पॉइंट आला. थांबा. पात्र हलवत राहा... गेला रंग. आता दुसरा, तिसरा, हे पाहा, पडल्या पडल्या नाहीसे होत आहेत. पहिल्या थेंबातून जे मँगनीजचे आयन तयार झाले, तेच पुढच्या अभिक्रियेला वेग देतात. अभिक्रियेतून निघालेला पदार्थच तिचा उत्प्रेरक होतो. पुस्तकात हे एका ओळीत असतं. डोळ्यांनी पाहिल्यावर ते माणूस जन्मभर विसरत नाही. फळ्यावरचं रसायनशास्त्र आणि पात्रातलं रसायनशास्त्र यांत हा फरक आहे, आणि त्यासाठीच प्रात्यक्षिकाचे तास हवेत.

इथे वेगळा दर्शक लागत नाही. परमँगनेट आपला रंग घेऊनच येतं. आम्ल संपलं की पुढचा थेंब तसाच राहतो आणि सगळं द्रावण फिकट गुलाबी दिसतं. अर्धा मिनिट टिकलं की थांबायचं. परमँगनेटचा रंग इतका गडद की ब्युरेटमध्ये द्रावणाच्या पातळीची खालची वक्ररेषा दिसत नाही, म्हणून इथे वरची कड वाचतात. सुरुवातीला वरची वाचली तर शेवटीही वरचीच. डोळा पातळीच्या समोर हवा. वरून पाहिलं तर एक आकडा दिसतो, खालून पाहिलं तर दुसरा.

रीडिंग आलं 9.9. समीकरण सांगतं की परमँगनेटचे दोन मोल ऑक्झॅलिक आम्लाच्या पाच मोलांना पुरे पडतात. पात्रात आम्ल होतं अर्धा मिलिमोल, त्याला परमँगनेट लागलं 0.2 मिलिमोल, आणि ते आलं 9.9 मिलिलिटरमधून. ताकद झाली 0.0202 मोलर. बस, एवढंच गणित.

हात कसा चालतो हे मात्र गणितात येत नाही. ब्युरेट ज्या द्रावणाने भरायची त्याच द्रावणाने आधी विसळायची, पिपेटही तशीच. शंकुपात्र मात्र नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्याने. कारण विचारलं की बरीच मुलं अडखळतात, म्हणून सांगतो. ब्युरेटमध्ये पाण्याचा थेंब राहिला तर द्रावण पातळ होतं आणि प्रत्येक मिलिलिटरची किंमत उतरते. शंकुपात्रात पाणी राहिलं, अगदी कडेला चिकटलेले थेंब तुम्ही मधेच पाण्याने धुऊन खाली घेतले, तरी काही बिघडत नाही. पिपेटने टाकलेला पदार्थ होता तेवढाच असतो. पण तेच पात्र आम्लाच्या द्रावणाने विसळलं तर जास्तीचं आम्ल आत राहतं आणि सगळा हिशेब चुकतो. मोल म्हणजे काय, हे या एका विसळण्यात जितकं कळतं तितकं दहा व्याख्यांतून कळत नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. ब्युरेटच्या टोकातला हवेचा बुडबुडा आधी काढा, तो मधेच निसटला तर रीडिंगमध्ये शिरतो. भरल्यावर वरचं नरसाळं काढून ठेवा, त्यातून उशिरा एखादा थेंब उतरतो. पिपेटच्या टोकाशी उरलेला थेंब फुंकू नका, तो तिथे राहणार हे धरूनच पिपेटवर खूण केलेली असते. आणि पिपेटला रबरी फुगा लावा. तोंडाने द्रावण ओढायची सवय अजूनही दिसते, ती आता पूर्ण थांबली पाहिजे.

ही पद्धत कुठल्या वर्गात जन्मली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या रूआँ या कापडाच्या गावात देक्रोइझिय नावाच्या रसायनज्ञाने कापड शुभ्र करणाऱ्या क्लोरीनच्या पाण्याची ताकद निळीच्या द्रावणाने मोजायला सुरुवात केली. ताकद कमी पडली तर कापड पिवळट राही, जास्त झाली तर धागा जळे. गे-ल्यूसॅकने 1824 साली ब्युरेट आणि पिपेट ही नावं रूढ केली, आणि पुढे टाकसाळीतल्या चांदीचा कस मिठाच्या द्रावणाने काढण्याची रीत घालून दिली. परमँगनेटने लोह मोजण्याची कल्पना 1846 मधली, मार्गरीतची. आणि मुलं ज्याला मोहर सॉल्ट म्हणतात ते ज्याच्या नावाचं, तो कार्ल फ्रीडरिक मोहर जर्मनीतला औषधविक्रेता होता. 1855 मध्ये त्याने अनुमापनावरचा पहिला मोठा ग्रंथ लिहिला. कापड, चांदी, औषध, सगळा रोखीचा व्यवहार. 'हा माल सांगितला तसा आहे का?' या प्रश्नापोटी हे तंत्र घडलं आहे.

तोच प्रश्न आपल्या जिल्ह्यात पावलोपावली आहे. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगिळांच्या साथीने, सहकारी साखर कारखाना उभा केला आणि 1950 च्या सुमारास तो सुरू झाला. अशा प्रत्येक कारखान्यात प्रयोगशाळा असते. ऊस तोडून उन्हात पडून राहिला की त्यातली साखर फुटते, आणि तिच्यापासून झालेली साधी शर्करा काही स्फटिक होऊन पोत्यात पडत नाही. ही शर्करा मोजायची लेन आणि आयनन यांची रीत 1923 ची आहे, आजही चालते. उकळत्या फेलिंग द्रावणात ब्युरेटमधून रस सोडतात, मेथिलीन ब्ल्यूचा निळा रंग उडून तळाशी विटकरी लाल साका राहिला की थांबतात. शिळ्या उसाने रिकव्हरी घटते हे शेतकऱ्याला ठाऊक आहेच. ती का घटते, याचं उत्तर त्या पात्रात दिसतं.

मातीचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांनी हा सगळा पट्टा बागायती केला, आणि जिथे पाण्याचा निचरा झाला नाही तिथे जमिनी चोपण आणि खारवट झाल्या. शिवाय काळ्या जमिनीत चुनखडी. उसावर केवडा पडतो, पानं पिवळी पांढरी होतात, आणि शेतकरी युरियाची आणखी एक गोणी टाकतो. पुष्कळदा तिथे नत्राची कमतरता नसतेच. चुनखडीमुळे जमिनीतलं लोह पिकाला मिळत नसतं. चुनखडी किती आहे हे मोजायची साधी रीत आहे. पाच ग्रॅम माती, तिच्यावर 100 मिलिलिटर एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल. फेस येतो, चुना आम्ल खातो. मग उरलेलं आम्ल एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने मोजायचं. किती खाल्लं हे थेट मोजता येत नाही, म्हणून किती उरलं ते मोजून वजा करायचं. याला उलट अनुमापन म्हणतात. याचा हिशेब इतका सुरेख बसतो की तो सांगताना मला दर वेळी आनंद होतो : मातीने खाल्लेल्या आम्लाचा एक मिलिलिटर म्हणजे चुनखडी बरोबर एक टक्का. बारा मिलिलिटर खाल्लं, बारा टक्के. जमिनीतला सेंद्रिय कर्ब काढायची 1934 सालची वॉकली आणि ब्लॅक यांची रीतही याच जातीची. त्यात डायक्रोमेट जास्तीचं घालतात आणि उरलेलं मोहर सॉल्टने मोजतात. बारावीच्या मुलाने जर्नलमध्ये लिहिलेलं मोहर सॉल्ट ते हेच. पण त्याच्या बापाच्या हातातल्या मृद आरोग्य पत्रिकेवरच्या 'सेंद्रिय कर्ब' या ओळीशी त्याचं नातं आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आता थोडं कडू बोलणार आहे. पुष्कळ ठिकाणी प्रात्यक्षिक परीक्षेत मुलं पहिला थेंब सोडण्याआधीच 'रीडिंग किती येतंय?' असं एकमेकांना विचारतात. आकडा बाकांवरून फिरतो, आणि मग निरीक्षण तक्त्यात तीन रकाने, तिन्हींत तोच आकडा, शेवटी सीबीआर, म्हणजे स्थिर ब्युरेट रीडिंग, म्हणून पुन्हा तोच. हा मुलांचा दोष मी मानत नाही. ठरावीक आकड्याच्या जवळ आलं की गुण, लांब गेलं की गुण कापले, असं आपणच शिकवलं आहे. मूल मग मोजायला शिकत नाही, अंदाज जुळवायला शिकतं. तीन वेळा का मोजायचं? एकदा हात घसरतो, एकदा डोळा. 9.9, 10.0, 9.9 अशी जवळजवळची रीडिंगं आली की हात बसला आहे असं म्हणता येतं. आणि 9.9, 10.6, 9.9 आली तर त्या 10.6 ला खोडायचं नाही. तिथे थेंब जास्त गेला असं समोर लिहायचं आणि चौथ्यांदा मोजायचं. असं लिहिणाऱ्या मुलाला मी तरी पूर्ण गुण देईन, आणि माझ्या शिक्षक मित्रांनाही तेच सांगतो. बाकांवरून फिरलेला आकडा लिहून पास झालेला मुलगा उद्या डेअरीच्या प्रयोगशाळेत बसेल, पाणी तपासणाऱ्या खात्यात बसेल. तिथे 'अपेक्षित आकडा' त्याला कोण सांगणार? आणि सांगणारा कोणी भेटलाच, तर ते अधिकच वाईट.

यावर एक उपाय मला स्पष्ट दिसतो. मुलांना असा नमुना द्यावा ज्याचा आकडा शिक्षकालाही आधी माहीत नाही. आपल्याकडे असे नमुने हवे तेवढे आहेत. राहात्याचा पेरू घ्या. पेरूत क जीवनसत्त्व भरपूर, शंभर ग्रॅमला दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास. गर पाण्यात घोटून गाळायचा, स्टार्चचे थेंब घालायचे आणि वरून आयोडीन सोडायचं. क जीवनसत्त्व आहे तोवर आयोडीन नाहीसं होत राहतं, संपलं की निळा-काळा रंग उमटतो. 0.005 मोलर आयोडीनचा एक मिलिलिटर म्हणजे 0.88 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. आज तोडलेला पेरू, चार दिवस घरात राहिलेला पेरू, शिजवून केलेली पेरूची भाजी, तिन्हींचे आकडे मुलांनी काढावेत. कुठल्याही गाइडमध्ये त्यांची उत्तरं छापलेली नाहीत.

आणि पाणी. शिर्डीत येणाऱ्या भाविकांसाठी किती लॉज आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यातल्या गीझरमध्ये पांढरा थर साचतो, कॉइल जळतात, नळाच्या जाळ्या बुजतात. कालव्याचं पाणी आणि बोअरचं पाणी यांत फरक आहे हे सगळे म्हणतात. तो किती, हे बारावीच्या मुलाला एका तासात काढता येईल. 50 मिलिलिटर पाणी, अमोनियाचं बफर, इरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक. पाणी वाइनसारखं लाल होतं. 0.01 मोलर ईडीटीए सोडत गेलं की कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यात अडकत जातात, शेवटी लाल जाऊन स्वच्छ निळा येतो. या द्रावणाचा एक मिलिलिटर म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका कठीणपणा. 20 मिलिलिटर लागलं तर लिटरमागे 400 मिलिग्रॅम. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात 200 पर्यंत ठीक, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचं. म्हणजे हे 400 चं पाणी प्यायला चालवून घेता येईल, पण गीझरचं काही खरं नाही.

जून महिन्यात कॉलेज उघडलं की मुलांनी आपापल्या घरचं पाणी आणावं अशी माझी विनंती आहे. शिर्डी, राहाता, अस्तगाव, साकुरी, पुणतांबा, प्रत्येक गावातून एक विहीर, एक बोअर, एक नळ. प्लास्टिकची लिटरभराची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, बोअर असेल तर मोटर पाच-दहा मिनिटं चालू द्यायची आणि मग गळ्यापर्यंत भरायची. बाटलीवर गाव, स्रोत, खोली आणि तारीख लिहायची. प्रत्येक नमुना दोन वेगवेगळ्या विद्यार्थ्यांनी एकमेकांना न विचारता मोजायचा, आणि दोघांची रीडिंगं शेजारी शेजारी फलकावर लावायची. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा. ज्या घरचं पाणी मोजलं त्या घरी आकडा लिहून द्यायचा. शिक्षकांनी तयारी दाखवली तर पहिल्या दिवशी ईडीटीएचं द्रावण प्रमाणित करून द्यायला मी स्वतः येईन.